पिंपळे सौदागरची बाजरीची बिअर

कऱ्हाडहून सकाळची एसटी धरली तेव्हा शेजारच्या सीटवरच्या गृहस्थांनी विचारलं, "पुण्याला कुणाकडे?"

"कुणाकडे नाही. बिअर प्यायला चाललोय."

ते हसले. मी थट्टा करत नाही हे लक्षात आल्यावर ते साताऱ्यापर्यंत खिडकीबाहेरच पाहत राहिले.

मी निवृत्त प्राध्यापक. तीस वर्षं रसायनशास्त्र शिकवलं, त्यातली बरीचशी चाकणजवळच्या एका कॉलेजात. बिअरची खरी चव कळली ती साठी उलटल्यावर, मुलाकडे जर्मनीत तीन महिने राहून आल्यानंतर. तोवर बिअर म्हणजे गार, पिवळं आणि कडू, एवढीच माझी समज होती. आता पिंपरी-चिंचवडमध्येही जागेवरच बिअर बनवून विकणारी ठिकाणं झाली आहेत असं ऐकत होतो. शिवाय एका जुन्या विद्यार्थ्याने फोनवर कळवलं होतं, "सर, पिंपळे सौदागरला एका ठिकाणची बिअर आपली अश्विनी बनवते. कुरुळीची अश्विनी." दोन दिवस राहायचं, चांगलं खायचं, चांगलं प्यायचं, असा बेत केला. अश्विनीला भेटायचं, हे मात्र स्वतःलाही नीट सांगितलं नव्हतं.

स्वारगेटला उतरून मेट्रो पकडली. ती जमिनीखालून वर आली, खडकी-बोपोडी मागे पडली, मुळा नदी ओलांडली की दापोडी. मी इथून रोज कॉलेजला जायचो तेव्हा हा सगळा रस्ता खालून, कंपन्यांच्या बसच्या धुरातून होता. आता वरून पत्र्यांवरच्या पाण्याच्या टाक्या दिसत होत्या आणि रेल्वेलगतच्या गल्लीत वाळत घातलेले गणवेश.

दापोडीत एका साध्या लॉजवर पिशवी टाकली आणि जवळच्याच खानावळीत शिरलो. चालवणाऱ्या बाई सिंधुदुर्गातल्या. मला पाहून म्हणाल्या, "भात होऊक वेळ आसा, बसा." (भात व्हायला वेळ आहे.) मी बसलो. अर्ध्या तासाने बांगड्याचं तिखलं, गरम भात आणि तिरफळाचा वास घेऊन ताट आलं. मी सोलकढी दुसऱ्यांदा मागितली तेव्हा बाईंनी वाटीऐवजी तांब्याच आणून ठेवला. एवढ्या जेवणावर खरं तर परत फिरलो असतो तरी सहल वसूल होती.

दुपारी रिक्षा केली. "पिंपळे," एवढंच म्हणालो. रिक्षावाला लातूरकडचा, बोलका. त्याने मला एका देवळापाशी उतरवलं. बघतो तर पिंपळे गुरव.

"अहो, मला सौदागरला जायचंय!"

"आता तुमीच म्हणलाव की पिंपळे," तो म्हणाला. "इथं तीन पिंपळे हायती, काका. गुरव, निलख, सौदागर. नाव पुरं सांगावं लागतंय माणसानं."

त्यानेच पुढे सौदागरला सोडलं. उंच सोसायट्या, गेटवर रखवालदार, खाली ओळीने दुकानं. अश्विनीचं ठिकाण समोर दिसत असताना मी आधी दुसऱ्याच एका झगझगीत जागेत शिरलो. तिथल्या बिअरला जुन्या लोण्याचा वास होता. आंबवण पुरतं होऊ न देता घाईने टाकी रिकामी केली की असं होतं. चिकनही रबरासारखं होतं. अर्धा ग्लास तसाच ठेवून उठलो. खरं तर मी वेळ काढत होतो.

अश्विनीच्या जागेत काचेमागे तांब्याच्या आणि पोलादाच्या टाक्या होत्या. चार वाजले होते, गर्दी नव्हती. एक छोटा ग्लास मागवला. मातकट सोनेरी रंग, वर बारीक फेस. नाकाशी नेला आणि थांबलो. तव्यावरून नुकत्याच उतरवलेल्या भाकरीचा वास. कडवटपणा जेमतेम, शेवटी जिभेवर थोडी खरपूस गोडी. माझ्या आयुष्यातली ती सर्वांत चांगली बिअर होती, आणि मी जर्मनी पाहून आलो आहे.

"बाजरीची आहे सर," मागून आवाज आला. "मोड आणून, वाळवून, भाजून घेते. आई नाचणीसत्त्वाला करायची तसं."

गमबूट, डोक्याला जाळी, बाह्या कोपरापर्यंत वर. चेहरा तोच. मी उठायच्या आत तिने सगळ्यांसमोर वाकून पायांना हात लावला. वेटर बघत राहिले.

"हे माझे सर," तिने त्यांना सांगितलं. "टायट्रेशनमध्ये शेवटचा थेंब थांबून टाकायचा, हे यांनी शिकवलं. अजून तेच करते."

मग तिने बसवून घेतलं. गव्हाची बिअर आणली, कोकम घातलेली आणली, खर्डा (हिरव्या मिरचीचा आणि लसणाचा ठेचा) लावून भाजलेलं मटण आणलं. मी घोट घेताना ती माझ्या चेहऱ्याकडे परीक्षेच्या निकालाकडे बघावं तशी बघत होती.

"आप्पा कसे आहेत?" शेवटी मी तिच्या वडिलांचं विचारलं.

"बोलत नाहीत. बारा वर्षं झाली. आई येते कधी मंडईत, त्यांना न सांगता." ती ग्लासाखालचं पाणी पुसत राहिली. "आप्पा पाठवणार होते मला, सर. एका दिवसात फिरले. कुणीतरी त्यांचे कान भरले. काकांचंच काम असणार ते. तुमच्यासारखं एखादं माणूस त्या दिवशी घरी असतं तर…"

मी मटणाचा तुकडा तोंडात टाकला आणि चावत राहिलो.

आता ते सांगितलं पाहिजे. बारा वर्षांपूर्वी अश्विनीला आंबवणाच्या शास्त्राच्या अभ्यासक्रमाला प्रवेश मिळाला. मद्य बनवण्याचं शिक्षण. तिचे वडील ज्ञानोबाआप्पा टोपी हातात घेऊन स्टाफरूममध्ये आले. "सर, पोरगी असं असं म्हनती. तुमी हो म्हनला तर धाडतो." मी उत्तरपत्रिका तपासत होतो. मान वर न करता म्हणालो, "मुलीच्या जातीला हे शोभत नाही, आप्पा. उद्या लग्नाला अडचण येईल." आप्पा "बरं" म्हणाले आणि गेले. त्याच शनिवारी मी एका मित्राच्या घरी, पडदे ओढून, बिअरच्या दोन बाटल्या संपवल्या होत्या. अश्विनी मावशीच्या आधाराने शिकली, आणि आप्पांनी तिला उंबरा बंद केला.

हे सगळं तेव्हाच, त्या टेबलावर सांगायला हवं होतं. मी म्हणालो, "बाजरीची फारच उत्तम झाली आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी नाशिक फाट्यावरून बस धरून कुरुळीला गेलो. भोसरी, मोशी, मग कंटेनरांची रांग. सुटलेली शिफ्ट आणि भरायची शिफ्ट एकाच रस्त्यावर. मी शिकवत होतो तेव्हा या बाजूला कांद्याची शेतं होती. आता त्यांवर कंपन्यांच्या कामगारांसाठी खोल्यांच्या ओळी उभ्या आहेत. आप्पांच्याही आहेत, आठ खोल्या. त्यांच्या पलीकडे जुनं घर.

आप्पा ओट्यावर बसले होते. पाठ वाकलेली, एका डोळ्याचं ऑपरेशन झालेलं. मला ओळखायला त्यांना क्षणभर लागला.

"सर? या, या. अगं ए, सर आल्यात कॉलेजचे! भाकरी टाक."

"जेवण नको, आप्पा. बोलायचंय."

"जेवल्याबिगर काय बोलनं? आमच्यात तसं न्हाई."

अश्विनीच्या आईंनी, माईंनी, बाजरीची भाकरी, पिठलं, शेंगदाण्याची चटणी वाढली. आप्पांनी बुक्कीने कांदा फोडून माझ्या ताटात ठेवला. मी म्हणालो, "काल अश्विनीला भेटलो."

आत भाकरी थापण्याचा आवाज थांबला.

"बरी हाय?" आप्पांनी विचारलं.

"चांगली आहे. बाजरीची बिअर बनवते."

"बाजरीची?" आप्पा भाकरीकडे बघत राहिले. "ल्हानपनी बाजरी खायाची न्हाई ती. चपातीच लागायची. मारलंय मी त्यापायी एकदा."

मी हातातला घास ताटात ठेवला. "आप्पा, त्या दिवशी मी तुम्हाला चुकीचं सांगितलं. मुलगी हुशार होती, तिला पाठवा, असं सांगायला हवं होतं. चूक माझी आहे."

"ठावं हाय," आप्पा म्हणाले. (ठाऊक आहे.) "तुमी हो म्हनला असता तर मी भावकीला तोंड दिलं असतं. सरांनी सांगितलंय म्हनून."

"तिला वाटतं, दुसऱ्याच कुणीतरी तुमचे कान भरले."

"मी तुमचं नाव न्हाई घेतलं तिच्याम्होरं. तिचा लई जीव तुमच्यावर. सर असं म्हनले, सर तसं म्हनले, घरात दुसरं काय नसायचंच. म्हनलं, बापावर राग ऱ्हाऊंदे. बापावर राग धरून पोरं जगत्यात. सरांवरचा विश्वास गेला तर शिकायची कशी ती?"

मला वाटलं होतं आप्पा चिडतील, निदान तोंड फिरवतील. त्यांनी पिठल्याचं भांडं पुढे सरकवलं.

"मग आता बोलवा तिला," मी म्हणालो.

"कंच्या तोंडानं, सर? येऊ नको मीच म्हनलो की."

आतून माई पदराने हात पुसत आल्या आणि पहिल्यांदाच बोलल्या. "तुमी सांगा तिला. व्हय, तुमीच सांगा, सर. यांना न्हाई जमायचं ते."

परतीची एसटी दुपारी तीनची होती. ती सोडली आणि पुन्हा पिंपळे सौदागरला गेलो. अश्विनी टाकी धूत होती. मला पाहून हसली. "सर, आज कामशेतच्या इंद्रायणी तांदळाची काढलीय, चव बघा."

"अश्विनी, आप्पांचे कान मी भरले."

"काय म्हणालात?"

बारा वर्षांपूर्वी स्टाफरूममध्ये आप्पांना जे वाक्य सांगितलं होतं तेच, शब्द न बदलता, तिला म्हणून दाखवलं. तिने हातातल्या नळीचं पाणी बंद केलं.

"आप्पांना माहीत होतं?"

"त्यांनी जाणूनबुजून माझं नाव घेतलं नाही. तुझा माझ्यावर…"

"कळलं, सर." ती टाकीच्या झाकणावरचा फेस निपटत राहिली. मग म्हणाली, "काका गेल्या वर्षी गेले. मी शेवटचं बघायलाही गेले नाही. आईने तीन वेळा फोन केला होता."

 

"आप्पा कसे दिसतात आता?" तिने विचारलं. मी पाठीचं सांगितलं, डोळ्याचं सांगितलं, माईंचा निरोप सांगितला. बाजरीपायी मारलं होतं हेही सांगितलं. ते तिला आठवत नव्हतं.

"तुम्ही या आता, सर," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. निघताना मी नकळत एक पाऊल मागे सरकून पाय जुळवून उभा राहिलो, नमस्कार घ्यायला उभं राहतात तसा. माझं मला ते लक्षात आलं आणि मान वर करता आली नाही. ती टाकीकडे वळली होती.

संध्याकाळच्या गाडीत उभ्याने जागा मिळाली. कात्रजच्या घाटात मी ठरवलं होतं की घरी गेल्यावर या सहलीतलं फक्त खाण्यापिण्याचं लिहायचं. तिखलं, खर्डा, तीन प्रकारच्या बिअर. तसं दोन पानं लिहिलंही. वाचून पाहिलं, फाडून टाकलं.

महिन्याभराने आप्पांचा फोन आला. "सर, पोरगी आली व्हती. दोन भाकरी खाल्ल्या. आईसंगं रडली, मग चुलतीकडं जाऊन आली. पुढल्या सोमवारी येती म्हनाली."

"माझ्याबद्दल काही बोलली?"

"न्हाई, सर. तुमचा इषयच न्हाई निघाला."

मला बरं वाटावं म्हणूनच ते तसं म्हणाले असावेत. तिने शिव्या दिल्या असं त्यांनी सांगितलं असतं, तर मला अधिक हलकं वाटलं असतं.

इथे कऱ्हाडात माझ्या या नादाची आता चर्चा झाली आहे. पुण्याकडे जाणारे विचारतात, चांगली बिअर कुठे मिळते, सोबत काय खावं. मी कागदावर पत्ता नीट लिहून देतो, काय मागवायचं तेही लिहितो. माझी ओळख मात्र तिथे सांगू नका, म्हणतो. लोकांना वाटतं, म्हातारा लाजतोय.