न चाखलेली जिन

आधीच सांगते, मी हॉस्पिटलात काम करणारी बाई. कुणी भुताखेतांचं सांगायला लागलं की मी आधी त्याचं बीपी बघते. पण गेल्या वर्षी इंग्लंडात, केंटमध्ये, भर दुपारी जे झालं...

आमचं घराणं मालवणचं, देवभक्त आणि दारूवालं! आप्पाकाकांनी केंटमध्ये तिरफळाची, आपल्या माशांच्या आमटीतल्या, जिन काढली, मेडलं मिळवली. बाटलीवर त्यांचाच फोटो. काका गेले, मागोमाग काकू गेली आणि जिन कडवट व्हायला लागली. ऑर्डरी तुटल्या. संजय आणि नंदू, त्यांचे मुलगे, एकमेकांवर खापर फोडू लागले. शेवटी कंपनी विकायचं ठरलं. सह्यांच्या दिवशी दोघांच्या मधे बसायला मला लंडनच्या ईलिंगहून बोलावलं.

एक सांगायचं राहिलं – कोविडपासून मला वास येत नाही. दूध करपलं तरी पत्ता नसतो.

सह्यांआधी एकदा भट्टी बघावी म्हणून दोघांबरोबर आत पाऊल टाकलं, आणि... वास! नाकात झोंबणारा तिरफळाचा वास, आणि त्याच्यामागे काहीतरी कडू. माझ्या तोंडून आपोआप निघालं, "बी काढलं नाहीत रे! काळं बी टाकून द्यायचं, नुसती टरफलं घालायची."

मी जन्मात तिरफळ हातात धरलेलं नाही. आमच्याकडे मासे येतात ते फिश फिंगर्स होऊन.

नंदूचा चेहरा पांढराफटक. "ताई, who told you?"

"कुणीच नाही."

संजयने तिरफळाचं पॅकेट पुढे केलं. "आई घरून तिरफळांचा डबा आणायची, साफ केलेला. आम्ही सरळ पॅकेट फोडून टाकत होतो... आणि ताई, honestly, बाबांनी काही केलंच नव्हतं. सगळं आईचं, नुसत्या वासावर. बाबा म्हणायचे, गणपतीचा नैवेद्य करणारी बाई दारू बनवते हे इथल्या मराठी मंडळात कळलं तर? So बाहेर बोलायचं नाही."

नैवेद्याचा स्वयंपाक चाखायचा नसतो, मीठसुद्धा वासावर ओळखायचं. काकूने तसंच केलं. एक थेंब जिभेला न लावता तिने गोऱ्यांच्या देशात मेडलं आणली! काकांचा राग आला, पण तिच्या अभिमानाने मी तिथेच रडले.

सह्या झाल्या नाहीत. पुढची भट्टी बी काढून लावली, ती झकास उतरली. भाऊ अजून भांडतात, पण बाटलीवर आता काकू आहे, नाकात नथ घातलेली.

माझं नाक मात्र त्या दुपारी दाराबाहेर येताच पुन्हा बंद पडलं, ते आजतागायत. ईएनटीवाले म्हणतात, वास असा मधूनच परत येऊ शकतो. येऊ दे की... पण बियाचं मला कुणी सांगितलं?

नव्या भट्टीचा पहिला ग्लास नंदूने माझ्यापुढे धरला. मी तो काकूच्या फोटोसमोर ठेवला.

"आता तरी चाख गं."