हात धुऊन घे म्हणाले माझ्या ताईला

माझ्या बहिणीला एका क्लिनिकच्या कचऱ्यानं मारलं.

काल सकाळी गेली. सगळे विचारून राहिले, "अचानक काय झालं?" म्हणून लिहितोय.

सुनंदाताई आमच्या या हिंदी मुलखातल्या शहरात, नेपियर टाउन भागात, कचरागाडीवर होती. घरोघरचा कचरा घ्यायचा, ओला-सुका वेगळा करायचा. ठेकेदाराची नोकरी. ग्लोव्हज मिळायचे, पण फोटो काढायच्या दिवशीच.

गेल्या उन्हाळ्यात एका काळ्या पिशवीतली सुई तिच्या तळहातात घुसली.
वापरलेली सुई. सोबत रक्ताचा कापूस, सलाईनच्या नळ्या.

नियम साधा आहे. दवाखान्याचा कचरा पिवळ्या पिशवीत, सुया जाड बंद डब्यात, आणि न्यायला वेगळी गाडी.
पण घरगुती कचऱ्यात टाकलं की काम सोपं. कोण पाहतं?

ताईनं पाहिलं. पिशवी उचलून सरळ क्लिनिकच्या काउंटरवर ठेवली.
"दीदी, ये हमारा नहीं है," काउंटरवरचा माणूस म्हणाला.
तिनं त्यातूनच एक चिठ्ठी काढली. वर क्लिनिकचं नाव छापलेलं.
"अच्छा, तो क्या हुआ? हाथ धो लो."

हाथ धो लो!

अशी सुई टोचली की लागण होऊ नये म्हणून त्याच दिवशी इंजेक्शन घ्यायला पाहिजे होतं. ठेकेदार म्हणाला, "पहले राउंड पूरा करो." दुसऱ्या दिवशीही तेच. मग राहूनच गेलं.

दुसऱ्या आठवड्यात परत तशीच पिशवी. ताईनं उचलली नाही. ठेकेदारानं तिला घरी बसवलं.
ती घरी बसली नाही. रोज सकाळी क्लिनिकच्या गेटसमोर जाऊन बसायची.

मी चिडलो. "ताई, काहून भांडून राहिली तू? दुसरं काम पाहू ना."
"मी सोडलं तर ती पिशवी आमच्या गाडीवरच्या शांताच्या हातात जाईल. तिला लहान लेकरू आहे."

चौथ्या दिवशी शांतानं पिशवीला हात लावला नाही. मग बाकीच्या बायांनीही नाही.
कचरा दारात सडू लागला, तेव्हा महापालिकेचे साहेब लोक धावत आले. क्लिनिकला "समज" दिली. पिवळ्या पिशव्या आल्या. ताईला कामावर घेतलं.

बस. कोणाचं काहीच बिघडलं नाही.

पावसाळ्यात ताईचे डोळे पिवळे झाले. हिपॅटायटिस बी. लिव्हर गेलं.
मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरनं विचारलं, "सुई लगी थी, तब क्यों नहीं आए?"
मी म्हणालो, "राउंड पूरा कर रही थी."

मदतीसाठी अर्ज घेऊन गेलो तर महापालिकेच्या ऑफिसात म्हणाले, "उसी सुई से हुआ, सबूत है?"
अख्खी बहीण पलंगावर पडली होती. अजून कोणता पुरावा?

काल पाच बाया शिफ्टवरून तशाच युनिफॉर्ममध्ये आल्या. शांता रडत म्हणाली, "भैया, दीदी की वजह से हम बचे हैं."
लोक म्हणतात, अभिमान बाळग. मला नाही जमत. मला राग येतो. सुया डब्यात टाकायला माझी बहीण काहून मरावी लागते?

तुमच्या घरी इन्सुलिन घेणारं कोणी असेल. ती सुई आज कुठं टाकली, उठून बघा.

ताई, तुला शेवटचा जय भीम.