ते पाय कोणाचे

आमच्या थोरल्या जाऊबाईंचं नाव मनकर्णाबाई. घरात लहानथोर सगळे त्यांना नुसतं 'बाई' म्हणायचे. बाईंना कोणते हिंदी सिनेमे आवडायचे ते सांगायला सोपं आहे. ज्यात कुणीतरी कुणाची तरी वाट बघतंय, तो सिनेमा चांगला. मग वाट बघणारी आई असू दे, बायको असू दे, नाहीतर मालक गेल्यावर फाटकात उभं राहिलेलं घोडं असू दे. त्या घोड्यासाठी तर बाई टॉकीजमधे इतक्या रडल्या, की पुढच्या रांगेतल्या माणसानं मागं वळून विचारलं, "मावशी, घोडं तुमचं होतं का?"

मारामारीच्या सिनेमाला मात्र यायच्या नाहीत. म्हणायच्या, "त्याला तिकीट कशाला? आपली भावकी हाय की."

पण त्यांचा सगळ्यात लाडका जो सिनेमा, तो त्यांनी पुरता बघितलेलाच नव्हता. शेवटचा घास तेवढा ताटात राहिला होता. त्या घासापायी त्यांचं सगळं आयुष्य कसं गेलं ते मी जवळून बघितलं, म्हणून लिहिते. दोन यत्ता शिकलेली बाई आहे मी, जसं बोलते तसंच लिहिणार.

बहात्तरचा दुष्काळ पडला तेव्हा आम्ही देवगाव रंगारीला होतो. मी नवी नवरी. दिवसभर खडी फोडायला जायचं, दुपारी सुकडीची मूठ तोंडात टाकायची, रात्री मिलोची लाल भाकरी. बाईंचे मालक, म्हणजे माझे भासरे, सांडू त्यांचं नाव. उंच, अबोल माणूस. एके दिवशी म्हणाले, "औरंगाबादेत कारखाने निघालेत म्हणं. बघून येतो. आखाजीला माघारी येतो." आणि फडक्यात भाकरी बांधून पायीच निघाले. बाईंना मूलबाळ नव्हतं. त्या वेशीपर्यंत गेल्या. नंतर कितीदा तरी मला सांगायच्या, "सारजे, वळणापर्यंत त्यांचे पाय दिसत व्हते. पोटऱ्यापोतर धूळ. पांढरे मोजे घातल्यावाणी."

वैशाखातली आखाजी आली आणि गेली. माणूस आला नाही.

त्यानंतर बाजाराच्या मैदानात तंबूचा सिनेमा आला. तंबूचे मालक काकासाहेब, कन्नडकडचे. त्यांची एक खोड होती. जुनाच सिनेमा आणायचे, त्याच्या सुरुवातीची नावाची पट्टी कापून टाकायचे, आणि दर गावाला आपल्या मनानं नवं नाव ठेवायचे. म्हणजे ज्यांनी आधी बघितलाय तेही फसून तंबूत येतात. आमच्या गावच्या फळीवर खडूनं लिहिलं होतं, 'विहिरीवरची राणी'. आत सगळं हिंदी.

पोटात नसलं तरी डोळ्याला काही लागतंच. बायका एका अंगाला, बाप्ये दुसऱ्या अंगाला, मधे दोरी. खाली वाळू. मी आणि बाई पुढंच बसलो.

सिनेमातल्या बाईचा नवरा शहरात गेलेला. गावात दुष्काळ. ती रोज दिवेलागणीला कोरड्या विहिरीच्या रहाटाला कंदील टांगते, नवऱ्याला लांबून गाव दिसावं म्हणून. बाईंनी माझं मनगट जे धरलं ते सोडलंच नाही. माझ्या बांगड्या रुतल्या, पण बोलायची सोय नव्हती. असं करत करत शेवट आला. अंधार. कंदील हलतोय. लांबून कुणीतरी चालत येतंय, नुसते पाय दिसतात. पाय येतात, येतात, विहिरीजवळ थांबतात. ती बाई कंदील उचलते, वर धरते...

आणि बाहेर कुणीतरी ओरडलं, "टँकर आलाऽऽ!"

मग काय विचारता! त्या दिवसांत टँकर आठवड्यात कधीतरी यायचा, विहिरीत पाणी ओतायचा, आणि ज्याचा पोहरा आधी पडला त्याला पाणी. सगळा तंबू उठला. दोरी तुटली. घरची थोरली सून म्हणून पाण्याचा भार बाईंवर, त्या माझ्याही पुढं पळाल्या. काकासाहेब स्वतः बादली घेऊन पळाले. त्यांचा मशीनवाला गडीसुद्धा पळाला. आम्ही हंडे भरून आलो तेव्हा मशीन नुसतंच गरगरत होतं, आणि रिकाम्या पडद्यापुढं एक कुत्रं बसलेलं होतं. शेवट बघितला तो त्या कुत्र्यानं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तंबू गुंडाळून गेला.

झालं. खडीवर बाईंचा एकच प्रश्न सुरू झाला. "ते पाय कोणाचे गं?"

"नवऱ्याचे. दुसऱ्या कोणाचे असणार?" एक म्हणायची.

"व्हय, लई आला नवरा! पोस्टमनचे असतील. तार घेऊन आला आसंल."

"अगं, चोराचे असतील. कंदील चोरायला आला."

सगळ्या हसायच्या. बाई हसायच्या नाहीत, हातोडी तशीच धरून बसायच्या. तेव्हाच माझ्या ध्यानात आलं, की ह्या बाईनं आपला जीव त्या दोन पायांना बांधून टाकलाय. ते पाय नवऱ्याचे असतील तर आपलाही येणार. नसतील तर नाही.

आमच्या मालकांनी शोध घ्यायचा तेवढा घेतला. कारखान्यांच्या फाटकांवर उभे राहिले, स्टेशनावर विचारलं. कुणी म्हणालं, असा एक उंच माणूस ट्रकवर बसून सुरतेकडं गेला. त्यापुढं काहीच नाही.

वर्षं गेली. वाळूजला कारखाने आले, आमच्या मालकांना काम लागलं आणि आम्ही बजाजनगरात खोली केली. बाईंनाही आणलं. गाव सोडताना मला रडू फुटलं, बाई मात्र नटूनथटून निघाल्या. ठसठशीत कुंकू, हातभर बांगड्या. म्हणाल्या, "शहरात टॉकीज लई हाइत म्हणं."

औरंगाबाद तेव्हा वाढत होतं. आता संभाजीनगर म्हणायचं, पण माझ्या तोंडाला जुनंच येतं. ज्वारीच्या रानात चुन्याच्या रेघा पडत होत्या, आज रेघ तर उद्या घर. गावात टॉकीज भरपूर होत्या आणि बाईंनी सगळ्यांचे दारवान ओळखीचे करून टाकले. "दादा, विहिरीवर कंदील टांगलेला सिनेमा लागला का?"

"नाव काय मावशी?"

"नावच असतं तर तुला कशाला इचारलं असतं?"

रविवारी चाळीतल्या एका घरी टीव्हीवर सिनेमा लागायचा. बाई पुढं जाऊन बसायच्या. थोडा वेळ बघून म्हणायच्या, "ह्यो नव्हं." पण उठायच्या नाहीत. एकदा मधून उठलेलं भोवलंय म्हणायच्या. आग लागली तरी सिनेमाच्या शेवटाशिवाय त्यांचं बूड हलायचं नाही.

आणि रोज दिवेलागणीला आधी दाराबाहेरचा बल्ब लावायच्या, मग देवापुढचा दिवा.

एकदा जुन्या मोंढ्याकडं उसाच्या रसाच्या गाड्यावर काकासाहेब दिसले. तंबू विकून रस काढत होते. बाईंनी तेवढ्या गर्दीत माणूस ओळखला. गाडा धरूनच विचारलं, "तुमच्या त्या विहिरीवरच्या राणीचं खरं नाव काय?"

काकासाहेबांनी उसाचं कांडं चरकात सारलं आणि म्हणाले, "बाई, मी इतक्या सिनेमांची इतकी नावं ठेवली, की खरी कोणती ते माझ्याच ध्यानात ऱ्हायलं नाय."

"मग शेवट? ते पाय?"

"मी गल्ल्यावर बसायचो हो. आत कधी गेलोच नाय."

बाईंनी रसाचा गिलास तसाच ठेवला. घरी येताना बसमधे नुसतं एवढंच म्हणाल्या, "सारजे, ह्या माणसानं कापलेली पट्टी कुठं टाकली आसंल गं?"

पुढं टॉकीज एकेक करून बंद पडल्या. कुठं लग्नाचं कार्यालय झालं, कुठं कपड्याचं दुकान. आमचे मालक गेले. माझा मुलगा गोकुळ कारखान्यात लागला, त्याची मुलगी मोनिका लग्नाला आली. तिचं जमेना. पत्रिका जुळायची, बोलणी व्हायची, मोडायची. मग भावकीतला एक शहाणा म्हणाला, "घरातल्या माणसाचं करायचं राहिलंय. सांडूबाबाचा आत्मा अडून बसलाय. तुमचं कसं सुरळीत होईल?"

जो माणूस असा निघून जातो आणि परत येत नाही, त्याचा पळसाच्या पानांचा पुतळा करतात. डोक्याच्या जागी नारळ ठेवतात. त्याला अग्नी देऊन पुढचं सगळं करतात. गोकुळनं लई भीत भीत विषय काढला. बाई तेव्हा गवार मोडत होत्या.

"करू की," बाई म्हणाल्या. "पण आधी मला शेवट बघू दे."

"कशाचा, मोठी आई?"

"सिनेमाचा. ते पाय ह्याच्या-त्याच्याचे निघाले तर करा पुतळा. नवऱ्याचे निघाले तर नाव काढायचं नाय. तवर माझं कुंकू कुणी पुसायचं नाय."

गोकुळनं कपाळाला हात लावला. मोनिका मात्र खळखळून हसली. "आजी, माझं लग्न अडलंय ते एक वेळ बरंय. मोठ्या आजीचा सिनेमा अडलाय ते नाय बघवत."

तिनं मोबाईलवर जुन्या सिनेमाचं वेड असलेल्या लोकांना विचारलं. कंदील, रहाट, कोरडी विहीर, पाय, सगळं लिहिलं. आणि कुठल्या कुठं, भोपाळच्या कुणा म्हाताऱ्यानं नाव कळवलं. त्या नावात ना विहीर होती, ना राणी.

ते साल सोळाचं. परत तसाच उन्हाळा, परत टँकर. बजाजनगरातसुद्धा गल्लीगल्लीत ड्रम मांडलेले. दुपारी दार लावून आम्ही तिघी मोबाईलपुढं बसलो. मोनिकानं थेट शेवट लावायला बोट नेलं तर बाईंनी तिच्या हातावर चापट मारली. "पहिल्यापासून."

सगळा बघितला. बाईंच्या डोळ्यांत मोतीबिंदू, पण पापणी हलत नव्हती. कंदील आला. त्यांनी माझं मनगट धरलं. आता माझ्या हातात बांगड्या नव्हत्या, त्यांचीच नखं लागली. पाय आले, थांबले. त्या बाईनं कंदील वर धरला.

नवराच होता.

गाणं सुरू झालं. मोनिकानं टाळ्या वाजवल्या. मला रडू आवरेना. मनात म्हटलं, संपलं, आता ही बाई मरेपर्यंत वाट बघणार.

"मोने," बाई म्हणाल्या, "ते पाय परत दाव."

तिनं दाखवले.

"परत."

परत दाखवले. बाईंनी मोबाईल नाकाला लावला. लई वेळ बघितलं आणि खाली ठेवला.

"धूळ नाय," म्हणाल्या.

"म्हणजे?"

"बुटाला धूळ नाय गं. शहरातून चालत आला, रानोमाळ दुष्काळ, अन् बूट कोरे? काकासाहेबाचा पडदाच मळका व्हता, त्यावर सगळ्यांचेच पाय मळके दिसायचे." त्यांनी पदरानं डोळे कोरडे केले. "ह्यो कुठून आलाच नाय सारजे. इथंच उभा व्हता, कंदिलामागं. त्याला म्हणले चल, अन् चार पावलं चालला."

मोनिकानं मोबाईल बंद केला.

"गोकुळला सांग," बाई म्हणाल्या. "करून टाक म्हणावं."

गोदावरीवर कायगावला गेलो. नदी कसली, भेगा पडलेलं मैदान. अंघोळीला, विधीला पाण्याचा थेंब नाही. गुरुजींनीच टँकर सांगितला होता. झाडाखाली पळसाचा पुतळा मांडला होता. पानांचे हात, पानांचे पाय, नारळाचं डोकं. बाई त्याच्या शेजारी मांडी घालून बसल्या. नारळाकडं बघून म्हणाल्या, "एवढं गोल नव्हतं त्यांचं."

तेवढ्यात रस्त्याकडून कुणीतरी ओरडलं, "टँकर आला!" आमच्यासारखीच तिथं आणखी घरं आलेली होती. सगळी बादल्या घेऊन उठली. गोकुळ उठला, मोनिका उठली. सवयीनं मीही उठले आणि बाईंना हात दिला.

"तू जा," त्या म्हणाल्या. "मी आता नाय उठायची."

मग मीही बसले. बाईंनी हात लांब केला. नदीतली माती उकरली, बोटांनी चुरून बारीक केली आणि पुतळ्याच्या पायांना लावायला लागल्या. आधी तळव्याला, मग घोट्याला, मग वर पोटऱ्यापोतर. हिरवी पानं पांढरी होईपर्यंत लावत राहिल्या.

"लांबून आलेत," मला म्हणाल्या, आणि हात झटकले.