चौसष्ट ओळींचा काठ

या सदरातले अनुभव मी आवडीने वाचतो, विश्वास मात्र आजवर एकावरही ठेवलेला नाही. भूत नेमकं अशाच माणसाला दिसतं ज्याचा मोबाईल त्याच वेळी बंद पडलेला असतो... माझा अनुभव शनिवारी भर दुपारी घडला. मोबाईल चालू होता, आणि गोष्टीतली साडी अजून विणायची होती.

मी निपाणीला कॉलेजच्या ग्रंथालयात होतो, आता निवृत्त. निरोप समारंभात माझ्याविषयी जी भाषणं झाली ती ऐकल्यापासून माणसांच्या साक्षीवरही माझा विश्वास राहिलेला नाही. कॉम्प्युटरचं शिक्षण नाही. ग्रंथालयाची जुनी लिनक्सवाली मशीनं सांभाळताना जेवढं आलं तेवढंच.

माझे चुलते आप्पा बेळगावात वडगावला हातमागावर साड्या विणायचे. एकदा कुठल्याशा मंडळाने त्यांचा सत्कार केला आणि विणकराला गिरणीची शाल पांघरली. आप्पांनी स्टेजवरच ती उलटून पाहिली आणि अध्यक्षांना म्हणाले, "घाईत विणलीया." त्यांचा स्वतःचा एक काठ होता, वेल आणि पानाआड पोपट. त्या काठाची एकच साडी शिल्लक होती, ती काकूला शेवटी नेसवली. त्याची कार्डं महापुराच्या साली भिजून लगदा झाली. कार्ड म्हणजे भोकं पाडलेली पुठ्ठ्याची पट्टी. काठाच्या एका ओळीला एक कार्ड.

म्हणजे काठ उरला तो आप्पांच्या डोक्यात. खरं तर पायात. खुर्चीत बसवून विचारलं तर त्यांना एक ओळ आठवायची नाही. रिकाम्या मागावर बसून पाय हलू लागले, की मग सुरू...

"दोन वर, तीन खाली, एक वर. लिवलंस?"

"लिहिलं, आप्पा."

"काय लिवलंस ते वाच. तुमी शिकलेली माणसं मधीच सुधारणा करताय."

वर उचलायच्या दोऱ्याला फुली, खाली राहणाऱ्याला टिंब, असं मी लॅपटॉपवर टाइप करत होतो. पूर्ण काठ चौसष्ट ओळींचा. अठ्ठेचाळीस झाल्या तेव्हा आप्पा म्हणाले, "ऱ्हायलेलं फुडच्या आयतवारी." मी लॅपटॉप घेऊन निपाणीला परतलो. पुढचा आयतवार आप्पांनी पाहिला नाही.

आठ महिन्यांनी आक्काचा फोन आला. आक्का ही आप्पांची मुलगी, माझ्याहून मोठी. माग आता तीच चालवते.

"दिगू, लेकीच्या लग्नाच्या साडीला आप्पांचाच काठ घालणार हाय. शहापुरातलं कार्ड पाडणारं मामा सोमवारी लेकाकडं हुबळीला चाललेत, कायमचं. शनवारी ये."

"सोळा ओळी नाहीत, आक्का."

"म्हाईत हाय."

"पहिल्या सोळा उलट्या क्रमाने लावू. वेलच आहे, जुळेल."

"आन् न्हाय जुळली तर? आख्ख्या साडीभर तुटकी वेल पोरीला नेसवू व्हय?"

शनिवारी बाराला मी आक्काच्या मागाशेजारी लॅपटॉप सुरू केला. आठ महिने तो माझ्या कपाटात पडून होता, बॅटरी पार संपलेली. वायर लावल्यावर नेहमीचा रंगीत पडदा आलाच नाही. आलं ते नुसतं टर्मिनल – काळा पडदा, जिथे माउस चालत नाही, हुकूम टाइप करावे लागतात. ओळी ज्यात टाइप केल्या होत्या त्या नेहमीच्या एडिटरचं नाव दिलं तर उत्तर आलं, डिस्प्ले उघडता येत नाही. आमच्याकडे पाटी कुठल्या भाषेत असावी यावर डोकी फुटतात. एरर मात्र इंग्रजीत येतो आणि दोन्ही बाजू निमूट वाचतात.

मी पुण्याला मिलिंदला फोन लावला. हा माझा भाचा, कॉम्प्युटरवरच पोट भरतो. त्याने काळ्या पडद्यावर चालणारा दुसरा एडिटर सांगितला. ओळी मोजायलाही मला तोच पडदा मोकळा हवा होता, म्हणून स्वतःची अक्कल चालवून हुकुमाच्या शेवटी & हे चिन्ह जोडलं; त्याने प्रोग्राम मागे चालू राहतो असं वाचलं होतं. लगेच निरोप आला, 'स्टॉप्ड'.

मिलिंद हसला. "मामा, त्याला पडद्यावर दिसायचंय आणि तुम्ही त्याला मागे कोंडलंत. थांबणारच तो. आता 'जॉब्स' टाइप करा, त्याचा नंबर कळेल. मग 'एफजी' आणि नंबर, की येईल पुढे."

यादी आली. तिच्यात दोन नंबर होते. दोन्हींपुढे तोच एडिटर, तीच फाइल, दोन्ही थांबलेले.

"दोनदा दाबलं असेल तुम्ही."

"एकदाच. टाइप केलेलं सगळं समोर आहे."

"फोटो पाठवा."

पाठवला.

"मामा, ही यादी फक्त आत्ताच्या बैठकीची असते. मशीन बंद झालं की संपली. सुरू कधी केलंत?"

"वीस मिनिटं झाली."

दुसरा नंबर पुढे आणला. इशारा आला की ही फाइल आधीच कुणीतरी उघडलेली आहे. पुढे गेलो, माझ्या अठ्ठेचाळीस ओळी दिसल्या. ते बंद करून पहिला नंबर आणला.

चौसष्ट ओळी होत्या.

आक्काने पडद्याकडे पाहिलंही नाही. मागावर जाऊन बसली. "वाच."

मी एकोणपन्नासावीपासून वाचू लागलो. तिचे पाय हलत होते. सत्तावन्नावीला ते थांबले.

"परत वाच."

"तीन वर, एक खाली, चार वर..."

"हितं पान वेलीवर चढतंय. बारीक असताना आप्पांच्या शेजारी बसून बघितलंय मी. ध्येनातनं गेलतं." मग माझ्याकडे वळली. "हे तू लिवलंस?"

"नाही."

"मग कुणी?"

"माहीत नाही."

"म्हाईत न्हाय म्हणायला कवापासनं यायला लागलं रं तुला?"

शहापूरच्या मामांनी रविवारी संध्याकाळपर्यंत कार्डं पाडून दिली. फाइलची प्रत काढून ठेवली होती, तरी मी एडिटर बंद केला नाही. लॅपटॉप तसाच मागाजवळ चालू ठेवला. कारण शोधल्याशिवाय निपाणीला जायचं नाही असं ठरवलं होतं. आप्पांनी माझ्या नकळत ओळी भरल्या असाव्यात? शेवटच्या दिवशी लॅपटॉप मांडीवरून मीच पिशवीत घातला होता. मीच टाइप करून विसरलो? मग तिथे माझ्या डोक्यातल्या त्या उलट्या क्रमाच्या ओळी असत्या. त्या आलेखाच्या कागदावर भरून पाहिल्या; वेल दोन दोऱ्यांनी तुटत होती. मिलिंदच्या सांगण्यावरून दुसऱ्या मशीनवर तोच हुकूम चाळीसेक वेळा दिला. दर खेपेला यादीत एकच नंबर.

बुधवारी दुपारी चौसष्टावं कार्ड संपलं आणि पहिलं पुन्हा वर आलं. आक्काने धोटा फेकला, फणी ठोकली, वाकून पाहिलं. वेल जुळली होती. कुठे सुरू झाली ते बोटालाही कळत नव्हतं.

ती काही वेळ काठावर हात ठेवून बसली. मग म्हणाली, "आता बंद कर ते."

"राहू दे की. कारण सापडायचंय अजून."

"तुला कारण सापडंपतोर बसवून ठेवणार व्हय त्यास्नी? दमलं असतील."

कारण आजही सापडलेलं नाही. मिलिंदला दर आठवड्याला एक नवी शंका सुचते, मी ती तपासतो, ती खोटी ठरते. सोडणार नाही. पण जे घडलं ते सगळं सांगायचं म्हणून हेही लिहितो, की त्या दुपारी एडिटर बंद करण्याआधी मी "बंद करतो हं, आप्पा" असं म्हणालो. मोठ्याने.