शेवटच्या ओव्हरचा माणूस

आम्ही दोह्यात होतो त्या वर्षांत सगळं शहर वर्ल्ड कपच्या तयारीला लागलं होतं. जिकडे बघावं तिकडे खणलेलं. माझा नवराही त्याच कामातला. एका स्टेडियमच्या एअर कंडिशनिंगचं काम त्याच्या कंपनीकडे होतं. वर उघडं आकाश आणि खाली गार वारा, असं काहीतरी ते करत होते. मी एकदा त्याला म्हटलं, आपल्या बेडरूमचा एसी आधी नीट कर. त्यावर तो "बघतो" म्हणाला. तो एसी आम्ही घर सोडेपर्यंत तसाच गळत होता.

वर्ल्ड कप फुटबॉलचा. आमच्या हॉलमध्ये मात्र वर्षानुवर्षं एकाच प्रश्नावर चर्चा चालली, ती म्हणजे आपल्याकडचे पाच बॉलर कसे वापरायचे.

आमचा फ्लॅट अल हिलालमध्ये, हॉल मोठा, आणि मी साबुदाणा वडे बरे करते. एवढ्या तीन गुन्ह्यांसाठी दर गुरुवारी संध्याकाळी अख्खी टीम आमच्याकडे बसायची. पुण्याचे, नाशिकचे, ठाण्याचे, सगळे नोकरदार, सगळ्यांची पोटं थोडी पुढे आलेली. शुक्रवारी सुट्टी. त्या दिवशी पहाटे अल वक्र्याच्या एका मोकळ्या प्लॉटवर टेनिस बॉलची मॅच असायची. दहा ओव्हरची. एका बॉलरला जास्तीत जास्त दोन ओव्हर. म्हणजे पाच बॉलर, प्रत्येकी दोन, झालं. मला वाटायचं यात चर्चेला जागा कुठे आहे. पण आपल्या माणसांना कमी लेखू नये.

कॅप्टन पुण्याचा, प्लॅनिंग इंजिनियर. त्याने बॉलरांचं एक्सेल केलं होतं. तो आमच्या टीव्हीला लॅपटॉप जोडायचा आणि आडव्या रंगीत पट्ट्या दाखवायचा. कुठला बॉलर कुठल्या ओव्हरला, का, आणि तो महागात पडला तर त्याच्या जागी कोण. कामावर तो म्हणे असंच करायचा. त्याचं काम नेहमी उशिरा चालतं असं माझा नवरा एकदा सहज बोलून गेला होता, पण चर्चेत कुणी ते काढत नसे.

त्या पट्ट्यांत माझ्या नवऱ्याची पट्टी लाल. ती कायम उजव्या टोकाला. आठवी ओव्हर आणि दहावी ओव्हर.

"तुझा यॉर्कर म्हणजे आपलं ब्रह्मास्त्र आहे," कॅप्टन म्हणायचा. "ब्रह्मास्त्र पहिल्यांदा काढत नाहीत. शेवटी पाहिजे ते."

नवरा मान डोलवायचा. हा माणूस कुणाच्याही कुठल्याही म्हणण्यावर मान डोलवतो. लग्नाआधी मला तो समजूतदारपणा वाटला होता.

आता मजा अशी की शेवट कधी यायचाच नाही. आम्ही आधी बॅटिंग केली की पन्नासच्या आत गार. मग समोरची टीम, बहुतेक केरळची किंवा लाहोरकडची, सातव्या ओव्हरला मॅच खिशात टाकून चहा प्यायला जायची. कधी ऊन चढायचं, लोकांना जुम्म्याच्या नमाजाला जायचं असायचं, प्लॉटचा वॉचमन येऊन "खलास, खलास" करायचा. आणि कधी चुकून दहावी ओव्हर आलीच, तर समोरच्यांना सहा बॉलमध्ये चाळीस रन हवे असायचे. ती ओव्हर मी टाकली असती तरी आपण जिंकलो असतो. अशा वेळी माझ्या नवऱ्याच्या हातात बॉल यायचा. तो मन लावून सहा यॉर्कर टाकायचा आणि लोक तोपर्यंत किट आवरायला लागलेले असायचे.

बाकीचा वेळ तो लाँग ऑनला कमरेवर हात ठेवून उभा.

मुलीला शाळेत वडिलांच्या छंदावर लिहायला सांगितलं होतं. तिने इंग्रजीत लिहिलं, माझे बाबा दर शुक्रवारी ग्राउंडवर उभे राहतात. शिक्षिकेने त्याखाली गुड म्हणून शेरा दिला. मी ते वाचून हसले आणि मग स्वयंपाकघरात जाऊन उगाच भांडी आपटली.

कारण मला ठाऊक होतं. हा माणूस बोलत नाही, पण बुधवारपासून बाथरूममध्ये आरशासमोर हात फिरवतो. बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये खांबाच्या पायथ्याशी बॉल मारून येतो आणि "गाडीचं टायर बघत होतो" असं सांगतो. कॉलेजात असताना त्याने कुणाकुणाची दांडी उडवली ते मला सासूबाईंनी सांगितलंय, त्याने नाही. शुक्रवारी घरी आला की मी विचारायची, मिळाली का ओव्हर? तो म्हणायचा, "आज तशी वेळ आली नाही. पुढच्या वेळी." वर "इन्शाल्ला" जोडायचा, तेही कॅप्टनचंच.

मी सांगायची, बोल ना त्याला. तो म्हणायचा, टीमचा विचार करावा लागतो. माझ्या डोक्यात तिडीक जायची. टीममधले बाकीचे दहा जण कुणाचा विचार करत होते?

मग त्यांच्या स्टेडियमचं काम संपलं. गार वारा सुटला म्हणे. कंपनीने पेढे वाटल्यासारखी माणसांना पत्रं वाटली. आमचंही परतीचं ठरलं. मुलीची परीक्षा झाली की पुणे. त्याचा शेवटचा शुक्रवार कुठला ते कळल्यावर त्याने फक्त एवढंच विचारलं, "किट न्यायचं की इथेच कुणाला द्यायचं?" मी म्हटलं, बघू.

त्याच्या आदल्या गुरुवारी टीम आली तेव्हा घरभर खोकी होती. मी माळ्यावरून एक खोकं काढलं, तर त्यात डिनर सेट. पांढरा, निळ्या काठाचा. आम्ही आलो त्या वर्षी घेतलेला. पुण्याला गेल्यावर काढू म्हणून ठेवलेला. टेपसुद्धा कापलेली नव्हती. इथे आम्ही सगळी वर्षं प्लास्टिकच्या ताटल्यांत जेवलो. गल्फमधल्या कुठल्याही घरात असं एक खोकं सापडेल, त्यात नवल काही नाही. पण त्या दिवशी ते बघून मला एकदम रडायलाच आलं. डोळे पुसले, टेप कापली, प्लेटा धुतल्या आणि त्यांत वडे घालून बाहेर नेले.

टीव्हीवर पट्ट्या होत्या. लाल पट्टी उजव्या टोकाला.

"अरे वा वहिनी, नवीन प्लेट्स?" कॅप्टन म्हणाला.

"नवीन नाहीत. राखून ठेवल्या होत्या. तुमच्या त्या बॉलरसारख्या."

नवरा वड्याकडे बघत बसला. त्याचे कान लाल झाले होते.

"नाही, म्हणजे वहिनी, त्यामागे एक स्ट्रॅटेजी आहे," कॅप्टन म्हणाला. "समजा त्याला आधी वापरला आणि मॅच शेवटपर्यंत गेली, तर दहावी ओव्हर कोण टाकणार?"

"ते तुम्ही बघा. उद्यानंतर तसंही तुम्हालाच बघायचंय. हा जातोय. याचं ब्रह्मास्त्र तुम्ही इथे ठेवून घेणार आहात का?"

एक नाशिककर गालातल्या गालात हसला. दुसऱ्याने नव्या बॉलवर यॉर्कर पडत नाही असा मुद्दा काढला. तिसरा म्हणाला, उलट नव्या बॉलवरच पडतो, जुना मऊ होतो. मग पुन्हा सगळे सुरू झाले. मी आत जाऊन दुसरा घाणा टाकला. बराच वेळ गलका चालला. अखेर कॅप्टन स्वयंपाकघराच्या दारात आला आणि गंभीर चेहऱ्याने म्हणाला, "वहिनी, पहिली आणि तिसरी. खूश?"

"मला काय विचारता, त्याला विचारा," मी म्हणाले. पण वडे मी त्याला दोन जास्त वाढले.

सगळे गेल्यावर नवरा म्हणाला, "कशाला बोललीस?"

"हवी होती ना तुला ओव्हर?"

"हरलो तर?"

"हरा."

तो हसला नाही, पण बाथरूममध्ये आरशासमोर बराच वेळ होता.

पहाटे तो कॅप्टनच्या गाडीतून गेला. निरोपाचा नाश्ता माझ्याकडे होता. मोठ्या पातेल्यात मिसळ, पाव, दही, कांदा, सगळं गाडीत बसवून मी मागून निघाले. मुलगी शेजारणीकडे झोपली होती. एरवी कधी नाश्ता घेऊन गेलेच तर मी मॅच संपता संपता पोचायची, घाई काय असणार. त्या दिवशी मात्र त्याचा पहिला बॉल पडायच्या आत पोचायचं होतं, म्हणून चांगली वेळ हातात ठेवून निघाले.

अल वक्र्याच्या अलीकडे डायव्हर्जन होतं. आदल्या आठवड्यात तिथे सरळ रस्ता होता. त्या वर्षांत दोह्यात रात्री झोपताना जो रस्ता असे तो सकाळी असेलच याची खात्री कुणी देत नसे. लालपांढऱ्या प्लास्टिकच्या ठोकळ्यांमधून मी डावीकडे गेले, मग उजवीकडे, मग एका अर्धवट फ्लायओव्हरच्या खालून, आणि मोबाईलवरची बाई मला सारखी मागे वळायला सांगत होती. मी तिला दोन अस्सल मराठी शब्द सुनावले. मिसळीचा कट सांडून मागचं सीट लाल झालं.

मग एका वळणावर उजव्या हाताला आमचा प्लॉट दिसला. मध्ये ठोकळे, खड्डा, जाळी आणि पलीकडे तो प्लॉट, एवढासा. माणसं बोटाएवढी, सगळ्यांचे पांढरे टी-शर्ट. माझ्या पुढे एक ट्रेलर उभा, मागे एक टँकर. काच खाली करून मी बघत बसले. कोणीतरी धावत आलं. मग एकदम सगळे एका माणसाकडे पळाले आणि त्याला उचललं. मला वाटलं, कोणीतरी पडलं. या वयात पळतात, काय सांगावं. मी मनातल्या मनात देवाला म्हटलं, आमचा नसू दे.

टँकरवाल्याने हॉर्न मारला. पुढे जावं लागलं.

मी प्लॉटवर पोचले तेव्हा आमची बॅटिंग कधीच आटोपली होती आणि समोरच्यांची चौथी ओव्हर चालू होती. सगळे धडधाकट होते. नवरा लाँग ऑनला कमरेवर हात ठेवून उभा. बाउंड्रीवर बसलेला ठाणेकर मला म्हणाला, "वहिनी, पाहिलंत ना? पहिल्याच बॉलला मधली दांडी. उचलून नाचवला त्याला. तिसऱ्या ओव्हरलाही एक घेतली."

मी पातेलं खाली ठेवलं. आमचा नसू दे म्हटलं होतं.

पुढे जे व्हायचं तेच झालं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मॅच खरोखर शेवटच्या ओव्हरपर्यंत गेली. समोरच्यांना अकरा हवे होते. कॅप्टनने आजूबाजूला बघितलं, मग माझ्याकडे बघितलं, आणि बॉल स्वतः घेतला. चार बॉलमध्ये अकरा गेले. मिसळ खाताना तो एवढंच म्हणाला, "मी काही बोलत नाही." आणि मग बराच वेळ बोलला. अर्धे म्हणाले माझ्या नवऱ्याला शेवटी ठेवायला हवा होता, अर्धे म्हणाले सुरुवातीच्या त्या दोन विकेट नसत्या तर मॅच सातव्यालाच संपली असती. मी सगळ्यांना तर्री वाढत होते. निरोपाचं भाषण राहूनच गेलं. निघताना कॅप्टनने मात्र तो बॉल माझ्या नवऱ्याच्या हातात दिला, त्याला मिठी मारली, आणि त्याचे डोळे भरले होते ते मी पाहिलं. तेव्हापासून मी त्याच्या एक्सेलबद्दल वाईट बोलत नाही.

परत निघालो. गाडी मी चालवत होते. तो बॉल मांडीवर घेऊन बसला होता. मग समोर बघत म्हणाला, "पाहिलास का, पहिला बॉल?"

थाप मारता आली असती.

"नाही रे," मी म्हणाले. "डायव्हर्जनमध्ये अडकले होते. लांबून दिसलं. तुला उचललं तेव्हा मला वाटलं कोणीतरी पडलं."

"असू दे," तो म्हणाला.

"असू दे नाही. सांग मला."

"काय सांगायचं? एक बॉल होता."

"तोच सांग. पहिल्यापासून."

त्याने मांडीवरचा बॉल फिरवून बघितला. मग म्हणाला, हातात घेतला तेव्हा बॉलवर लव होती. जुन्यावर नसते. मला नेहमी जुनाच मिळायचा ना. मग त्याने सांगितलं की बॅट्समन डावरा होता, उभा कसा होता, मार्कवर जाताना आधी वाटलं की कॅप्टनला सांगावं नको म्हणून. मग धावलो. मग सुटला हातातून. सुटला तेव्हाच कळलं. हे सांगताना तो सीटवर अर्धा वळला होता आणि त्याचा हात डॅशबोर्डच्या वर फिरत होता. दांडी पडल्याचा आवाज कसा आला ते त्याने दोनदा करून दाखवलं. लग्नाच्या इतक्या वर्षांत हा माणूस माझ्याशी सलग एवढं बोलल्याचं मला आठवत नाही.

मग दुसरा बॉल. तोही पहिल्यापासून.

घराकडे वळायचा सिग्नल आला. रस्ता मोकळा होता, डायव्हर्जन नव्हतं, सिग्नल हिरवा होता. मी सरळ गेले. त्याच्या ते लक्षात आलं नाही, त्याचा अजून चौथा बॉल चालू होता.