माशांच्या पाण्यातलं मीठ

माझे सासरे, म्हणजे आमचे मामाजी, तीस वर्षं बसचे ड्रायव्हर होते. अमरावती ते अकोला आणि परत, हा त्यांचा रस्ता. निवृत्त झाल्यावर पहिले काही महिने घरात बसायचं कुठं हेच त्यांना कळेना. सकाळी आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून ते सोफ्याच्या कडेला बसत आणि दर दहा मिनिटांनी घड्याळ बघत. शेवटी माझ्या नवऱ्यानं त्यांच्यासाठी माशांची तीन फुटी काचेची टाकी आणली. चार गोल्डफिश, सहा काळ्या मॉली, हिरवी रोपटी आणि तळाशी काच चाटत फिरणारा एक सकर मासा. दुसऱ्या दिवसापासून मामाजींनी घड्याळाकडं बघणं सोडलं.

मासे विकणाऱ्यानं त्यांना चार गोष्टी सांगितल्या होत्या. दाणे कमी टाका, उन्हात ठेवू नका, आठवड्याला थोडं पाणी बदला आणि प्रत्येक वेळी मूठभर खडामीठ टाका. पहिल्या तीन गोष्टी मामाजी अधूनमधून विसरत. मीठ मात्र कधीच विसरले नाहीत. आणि मूठ कुणाची, तर तीस वर्षं बसचं स्टिअरिंग फिरवलेल्या माणसाची. त्या मुठीत माझ्या दोन मुठी सहज मावल्या असत्या.

मला हे समजलं ते सासूबाईंमुळे. एकदा मी कामावरून आले, तर त्या मिठाची रिकामी बरणी हातात घेऊन उभ्या. "लोणचं घातलं नाई, पापड केले नाईत, तरी मीठ जाते कुठं?" त्यांनी विचारलं. मामाजी टाकीची काच पुसत होते, ते पुसतच राहिले. मी टाकीत बोट बुडवलं आणि जिभेला लावलं.

ती चव मला चांगलीच ओळखीची होती.

माझं माहेर पूर्णेच्या काठचं, खारपाणपट्ट्यातलं. अकोल्याहून ऑटोनं तासाभराच्या अंतरावर. काळी सुपीक जमीन, कापूस आणि हरभरा, आणि विहिरीत खारं पाणी. आमच्याकडं त्या पाण्यात वरणाची डाळ शिजता शिजत नसे, साबणाला फेस येत नसे आणि न्हायल्यावर केसांचा काथ्या व्हायचा. गोडं पाणी दूरच्या गावाहून ड्रमनं यायचं आणि ते फक्त प्यायला नि चहाला. तेही संपलं की मग विहीर होतीच. अमरावतीला लग्न होऊन आले त्या दिवशी सासूबाईंनी मला पाण्याचा पेला दिला. मी तो संपवून दुसरा मागितला, मग तिसरा. त्यांना वाटलं, पोरीला भूक लागली आहे पण लाजून सांगत नाही. त्यांनी घाईघाईनं माझ्यापुढं शिऱ्याची ताटली ठेवली. मला शिरा नको होता. मला ते पाणी हवं होतं.

तर त्या संध्याकाळी टाकीचं पाणी जिभेला लागलं आणि माझा आवाज चढला.

"मामाजी, कावून टाकून राहिले इतकं मीठ? हे काय समुद्रातले मासे हायेत?"

"अवं बाई, दुकानवाल्यानंच सांगतलं. मिठानं मासा तगडा राह्यते मने."

"मग त्याले विचारा, तो सोताच्या चहात टाकते का मीठ?"

सासूबाई हसल्या. मामाजी हसले नाहीत.

मी एका औषधांच्या दुकानात फार्मसिस्ट आहे. गोळी किती, कधी आणि किती दिवस, हे दिवसभर लोकांना सांगणं हेच माझं काम. मी मामाजींना समजावू लागले. टाकीतलं पाणी वाफ होऊन उडतं, मीठ उडत नाही, ते मागंच राहतं. वरून पाण्याची भर घालून दर वेळी मूठभर मीठ टाकलं की ते वाढतच जाणार. आमच्या विहिरीचं उन्हाळ्यात तेच व्हायचं. पाणी खाली गेलं की खारटपणा वर यायचा. "मीठ औषध असन मामाजी," मी म्हटलं, "पन औषध काय रोज जेवनावानी खाते का कोनी?"

त्यांनी मान डोलावली. मला वाटलं, पटलं. पण पंधरा दिवसांत टाकीतली रोपटी पिवळी पडून गळू लागली आणि सकर तळ सोडून वरच्या कोपऱ्यात येऊन तोंड उघडझाप करू लागला. मी पुन्हा बोट बुडवलं. मामाजींनी खडामिठाची वेगळी पुडी आणून टीव्हीच्या मागं ठेवली होती.

रविवारी सकाळी ते भाजी आणायला गेले तेव्हा टाकीतलं थोडं पाणी काढलं आणि गोडं भरलं. सोमवारी थोडं, मंगळवारी थोडं. एकदम बदललं तर माशांना सोसत नाही, एवढं मी वाचून ठेवलं होतं. चौथ्या दिवशी सकर खाली जाऊन काच चाटू लागला. मामाजींच्या ते लक्षात आलं आणि माझी चोरी उघडी पडली. मग त्यांनी अबोला धरला. रोज संध्याकाळच्या चहाला ते मला रस्त्यावरची एखादी हकिगत सांगत. कधी मूर्तिजापूरला बसमध्ये चढलेली बकरी, कधी मोझरीला निघालेल्या भाविकांनी भरलेली गाडी. ती हकिगत बंद झाली. दोन दिवस आम्ही नुसता चहा प्यायलो. सासूबाई आमच्याकडं आळीपाळीनं बघत आणि बिस्किटं पुढं सरकवत.

डिसेंबरात थंडी पडली आणि एका सकाळी मामाजींनी मला मोठ्यानं हाक मारली. दोन दिवसांनंतरचे ते पहिले शब्द.

"पाह्य इकडे! मीठ बंद केलं ना, आता हे पाह्य!"

मॉलींच्या काळ्या अंगावर पांढरे ठिपके उठले होते. साखरेचे दाणे चिकटवल्यासारखे. दोन मॉली दगडावर अंग घासत होत्या. मामाजींचा आवाज रागाचा होता, पण डोळे मॉलींवरून हटत नव्हते. मी खरंच चुकले होते का?

दुपारी दुकानात गिऱ्हाईक नव्हतं तेव्हा मी बसून जेवढं मिळालं तेवढं वाचलं. हा पांढऱ्या ठिपक्यांचा रोग बहुतेक वेळा नवा मासा किंवा रोपटं आणल्यावर येतो आणि थंडीनं पाणी गार झालं की माशांना जास्त छळतो. आठवडाभरापूर्वी मामाजींनी गळालेल्या रोपट्यांच्या जागी नवी आणली होती. म्हणजे मीठ बंद केल्याचा दोष नव्हता. पण मी पुढं वाचलं. यावर जे उपाय चालतात त्यात पाणी कोमट ठेवणं होतं आणि मीठ होतं. मोजून, विरघळवून, हळूहळू, काही दिवसांपुरतं.

घरी आले आणि मामाजींना खरं ते सांगितलं. "मीठ टाकावं लागन."

 मामाजींनी टीव्हीच्या मागं हात घालून पुडी काढली आणि मला दिली. त्यांच्या मिशीखाली हसू होतं, पण त्यांनी ते दाबून धरलं. मी स्वयंपाकघरातला वजनकाटा आणला. किती लिटर पाणी, किती ग्रॅम मीठ, याचा हिशेब मी कागदावर मांडला आणि मामाजींनी तो दोनदा तपासला. सकरला नि रोपट्यांना मीठ सोसत नाही, म्हणून त्यांची सोय वेगळ्या टबात केली. तांब्यात मीठ विरघळवायचं, थोडं सकाळी, थोडं संध्याकाळी ओतायचं आणि पाणी कोमट ठेवायला आणलेल्या हीटरवर लक्ष ठेवायचं. मामाजींनी टाकीशेजारी खुर्ची टाकली आणि तिथंच जेवू लागले.

एक मॉली गेली. तिला आम्ही गुलाबाच्या कुंडीत पुरलं. बाकीच्या पाचही जणींचे ठिपके आठवड्यात गळाले. तरी मी आणखी काही दिवस उपचार चालू ठेवला, कारण गिऱ्हाइकांनाही मी हेच सांगते की बरं वाटलं म्हणून गोळ्या मधेच सोडू नका. मग थोडं थोडं पाणी बदलत सगळं मीठ काढून टाकलं. त्या दिवशीच्या चहाला मामाजींनी एका नवरदेवाची हकिगत सांगितली, जो चुकून उलट्या दिशेच्या बसमध्ये बसला होता. मी इतकी हसले की चहा नाकात गेला.

जानेवारीत माझ्या भावाचा फोन आला. हरभरा भरात आहे, ओल्या हरभऱ्याचे सोले खायला या म्हणाला. बोलता बोलता मी त्याला मॉलींची गोष्ट सांगितली. तो म्हणाला, "आपल्या ढोरांच्या हौदात तर लय मासे हायेत. नर्सबाईनं डासांसाठी गप्पी सोडले होते. खाऱ्या पान्यात मस्त वाढले." मामाजी शेजारीच होते. त्यांनी लगेच पिशवी भरायला घेतली.

अकोल्यापर्यंत बसनं गेलो. मामाजी ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसले आणि वळणावर वळणावर पायानं ब्रेक दाबत राहिले. गावात पोचल्यावर चहाही न घेता ते हौदाकडं गेले. सिमेंटच्या हौदात शेकडो गप्पी होते, बारके, चपळ, नरांच्या शेपट्यांवर केशरी ठिपके. मामाजी वाकून बघत राहिले. मग भावाला म्हणाले, "हे पानी विहिरीचंच ना? मले एक गिलास दे बरं."

भाऊ गोंधळला. आता आमच्याकडं नळ आला आहे, अधूनमधून का होईना गोडं पाणी येतं, आणि पाहुण्याला विहिरीचं पाणी कुणी देत नाही. आमच्या लग्नातसुद्धा बाबांनी वऱ्हाडी मंडळींसाठी गोड्या पाण्याचा टँकर मागवला होता. तीस वर्षं या भागातून बस चालवूनही मामाजींनी इथलं पाणी तोंडाला लावलेलं नव्हतं. पण त्यांनी हट्ट धरला. मोठा घोट घेतला आणि त्यांचा चेहरा असा झाला, की माझी वहिनी तोंडाला पदर लावून आत पळाली.

कसाबसा तो घोट गिळून ते माझ्याकडं वळले. "तू हे पेत होती? लहानपनापासून?"

"हो मामाजी."

"आन मले सांगतलं नाई."

"सांगतलं होतं. तुमी मासे पाहून राहिले होते."

ते हसले. मग त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. एवढ्या वर्षांत त्यांनी असं कधी केलं नव्हतं. मी त्यांना सोले भाजायला शेताकडं घेऊन गेले.

येताना पाण्याच्या कॅनमधून वीसेक गप्पी आणले. त्यांच्यासाठी एक छोटी टाकी घेतली. हौदाच्या पाण्यात रोज थोडं आपलं गोडं पाणी मिसळत गेलो, आणि महिन्याभरात ते अमरावतीकर झाले. आता त्यांची पिल्लं मोजणं आम्ही सोडून दिलं आहे. मोठ्या टाकीत मीठ पडत नाही, रोपटी दाट झाली आहेत आणि सकर वीतभर वाढला आहे.

कॉलनीत आणखी तीन घरांत मासे आले आहेत. परवा समोरच्या काकू मामाजींकडं टाकीचा फोटो घेऊन आल्या. "भाऊ, पाण्यात मीठ टाकू का?" त्यांनी विचारलं.

मामाजींनी चष्मा लावला आणि त्यांना खुर्ची दिली. "पयले सांगा," ते म्हणाले, "मासे कोनते हायेत आन त्याईले झालं काय? काईच झालं नसन तर मीठ कावून टाकता?" काकूंना घाई होती, पण त्या पाऊण तास अडकल्या. सासूबाईंनी दोनदा चहा केला.