पडवीतली गाडी आणि एक हापूस

माझ्या आगगाडीला जायला गाव नाही. एका फळीवर रुळांचे चार फाटे, एक इंजिन, पाच डबे. पुढे-मागे करून डबे हव्या त्या क्रमाने लावायचे, की झालं. याला शंटिंग म्हणतात. आमची ही रिकामटेकडेपणा म्हणते. बँकेतून निवृत्त झाल्यापासून मी त्यातच रमलोय. फळी इस्त्रीच्या टेबलाएवढी होती, तोवर घरात शांतता होती.

मग डोळ्यांनी दगा दिला. डबे करंगळीएवढे, त्यांना जोडणारे हूक तांदळाच्या दाण्याएवढे. एकदा तर डबा समजून मी खोडरबर रुळावर ठेवलं आणि इंजिन बिचारं त्याला ढकलत बसलं. म्हटलं, पुरे झालं, मोठ्या मापाची मागवू. मागवली, जवळजवळ दुप्पट. आता गाडी दुप्पट म्हणजे रूळ दुप्पट आणि फळीही दुप्पट, हे उभा जन्म आकडेमोड करूनही मला का सुचू नये, देव जाणे! जुन्या फळीवर नवं इंजिन उभं केलं, तर मागे जेमतेम दोन डबे मावले. शंटिंग कसलं कपाळाचं, नुसती पार्किंगची सोय.

शेवटी आंब्याच्या जुन्या पेट्या मोडून फळ्या जोडल्या आणि पडवीत खिडकीपासून दारापर्यंत नवा पसारा मांडला. तरी जागा कमीच पडली, म्हणून एक फाटा छाटला. स्टेशन जुनंच ठेवलं आणि त्यातला स्टेशनमास्तरचा बाहुलाही. तो आता इंजिनाच्या चाकाएवढा दिसायला लागला.

"हा मास्तर आहे की शाळा बुडवून आलेला पोर?" हिने विचारलं. ही निवृत्त शिक्षिका, हजेरी घ्यायची खोड काही गेलेली नाही.

सगळं मजेत चाललं होतं आणि आंबे उतरले. दर वर्षी आमच्या पडवीत आढी लागते, म्हणजे पेंढा पसरून त्यावर आंबे पिकत घालायचे. खिडकीपासून दारापर्यंत.

"जन्म रत्नागिरीत गेला तुमचा," ही म्हणाली, "आणि आंबे कुठे पिकतात ते विसरलात?"

विसरलो होतो खरा. मला फार वाईट वाटलं. गाडी एकदा माळ्यावर गेली की संपलीच, कारण आमच्या माळ्यावरून आजवर काहीही खाली आलेलं नाही. मी गयावया केली, तेव्हा हिने अट घातली.

"एवढी मोठी केलीत ना गाडी? मग एक हापूस खिडकीपासून दारापर्यंत नेऊन दाखवा. पडला, तर गाडी माळ्यावर."

मी उघड्या डब्यावर चांगला पोसलेला हापूस ठेवला आणि बटण फिरवलं. आंबा डुलत निघाला. पहिल्याच सांध्यावर गचका बसला आणि तो घरंगळला तो थेट स्टेशनमास्तरावर. मास्तर आडवा.

संपलं, म्हटलं, आणि स्क्रू ड्रायव्हर शोधायला वळलो. पण हिचं माझ्याकडे लक्षच नव्हतं. आंबा हातात घेऊन ती कुठे दबलाय ते बघत होती.

"पेंढा कुठाय?"

"कसला पेंढा?"

"डब्यातला. बिनपेंढ्याचा आंबा कोण धाडतं हो? सरका बघू."

हिने डब्यात चिमूटभर पेंढा घातला, आंबा आडवा करून नीट रुतवला आणि बटण स्वतःकडे घेतलं. गाडी अगदी सावकाश निघाली. सांध्यापाशी हिने श्वास रोखला, मीही रोखला. गाडी दाराशी पोचली आणि आंबा होता तिथेच होता.

हिने माझ्याकडे विजयी मुद्रेने पाहिलं. मग आपण काय जिंकून बसलो ते तिच्या ध्यानात आलं. पण बटण काही तिने सोडलं नाही.

"आणि समजा," शेवटी ती म्हणाली, "आंब्याचा डबा सगळ्यात मागे न्यायचा असला, तर?"

यंदा आमचे आंबे माळ्यावर पिकतायत. रोज एक तेवढा खाली येतो आणि गाडीने दारापर्यंत जातो. बटण काही माझ्या हाती लागत नाही. जुना मास्तर पुन्हा उभा राहिलाच नाही, म्हणून त्याचं काम माझ्याकडे आलंय. हिरवा रुमाल दाखवायचा आणि मध्ये बोलायचं नाही.